हौद्यातली माती

"मागं घे पोरीला. पूजा झालीया माझी."

पैलवान एवढंच बोलला आणि पाय आखडून घेतला. माझी सहा वर्षांची पोर वाकलेली तशीच राहिली. हात पुढे. पनवेलच्या जत्रेत, भर माणसांत. माणसं हसली. शिवाशिव बंदीचा कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

बिदागी घेऊन गावोगाव कुस्त्या मारणारा नामी गडी तो. पोरीने त्याचा पेपरातला फोटो भाताच्या शिताने आमच्या कुडाला चिकटवला होता. त्याला बघून रोज बैठका मारायची. शाळेत मास्तर सांगायचे, याच्यासारखे व्हा.

आणि कुस्तीचा हौदा कोण खणायचं? मी. चार दिवस. ढेकळं फोडायची, माती चाळायची, जत्रेचे पंच देतील ते तेल, ताक, हळद घालून पायाने तुडवायची. मग वरून गोमूत्र शिंपडलं की माती शुद्ध. तीच माती तो पैलवान छातीला चोळायचा.

त्या दिवशी मी मान खाली घालून पोरीला उचललं. घरची वाट धरली. ते अजून सलतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "तुमी खनलेली माती त्याच्या अंगाला चालते. पोरीचा हात नाय चालत. उद्या कुदल घेऊन गेलाव, तर परत या घरात येव नका."

दुसऱ्या दिवशी त्याची मोठी कुस्ती. आदल्या दिवशीच्या कुस्त्यांनी माती दाबून फरशीसारखी झालेली. ती उकरायला मला न्यायला पंच दारात आले. मी कुदळ त्यांच्या पायाशी टाकली.

"पैलवानाच्या अंगात ताकद हाय ना? त्यालाच खनू द्या."

वर्षभर गावात कुणी मला काम दिलं नाही. बंदरावर गोणी वाहिल्या. पोरीने तो फोटो नखाने खरवडून काढला, कागदाचा एक तुकडा कुडाला राहिला तो राहिलाच.

बायको जाऊन चार महिने झाले. परवा नातू एका क्रिकेटवाल्याचा मोठा फोटो घेऊन आला. म्हणाला, आजोबा, सगळी पोरं याला मानतात. मी म्हटलं, मानू देत. चेंडू चांगला मारतो, मलाही दिसतं. पण मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाशी तो कसा बोलतो, ते आधी मला सांग. तोवर फोटो गुंडाळून ठेव.

माझ्या भिंतीवर एकच फोटो आहे. बायकोचा. तिच्या शेजारी लागायचं असेल तर नुसता खेळ पुरणार नाही.