चंद्रव्वाच्या हातची भाकरी

सोलापुरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात चंद्रव्वा आया होती. तेव्हा ऑपरेशनचे रबरी हातमोजे फेकून देत नसत. रक्तानं चिकटलेले मोजे ती धुवायची, वाळवायची, पावडर चोळून ठेवायची. बघणाऱ्याला मळमळावं असं ते काम, पण तिनं कधी नाक मुरडलं नाही.

पुढं तिच्या हातांवर गांधी उठायला लागल्या. खाजवून खाजवून कातडी सोलली. "आत्याबाई, पिठाला हात लावू नका," सून कमलम्मा म्हणाली. आईच्या हातच्या भाकरीवर वाढलेल्या ईरप्पानं आईचंच ताट वेगळं काढलं. महारोग म्हणे! कुणी ठरवलं? गल्लीनं. त्या हातांचं अन्न नको, त्याच हातांनी आणलेला पगार मात्र गोड लागत होता. शी!

दवाखान्यातल्या नर्सबाईंना वाटलं, साबण बाधत असेल. त्यांनी मायेनं चंद्रव्वालाच रबरी मोजे घालायला दिले. घातले मात्र, तिचे ओठ-डोळे सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, म्हणून वाचली.

त्यांनी तिला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ईरप्पा सोबत गेला, तोही अंग चोरून. या डॉक्टरांनी इंजेक्शन हाताशी ठेवून मोज्याचा ओला तुकडा तिच्या मनगटावर ठेवला. बघता बघता तिथं गांधी उठल्या.

"यांना रबर सोसत नाही," डॉक्टर ईरप्पाला म्हणाले. "महारोग नाही, कुणाला लागणारही नाही. रबरी मोजे, फुगे, गरम पाण्याची पिशवी, कशालाच शिवायचं नाही. मोज्यांची पावडर उडते तिथं थांबायचं नाही. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तर हे आधी सांगायचं."

चंद्रव्वाला मोज्यांवरून काढून बाळंतिणींच्या जेवणाचं काम दिलं. हात हळूहळू नितळ झाले. मग घरच्यांना एकदम माया फुटली.

"अव्वा, तुज्या हातची भाकरी लई दिवस खाल्ली न्हाय की," असं म्हणत ईरप्पा ताट घेऊन बसला. कमलम्मानं परात पुढं सरकवली.

चंद्रव्वानं एक भाकरी थापली, भाजली, आणि तिथंच चुलीपाशी शेंगाचटणीबरोबर सावकाश खाल्ली. ईरप्पा वाट बघत होता.

"अव्वा, मला?"

"तुज्या ताटात वाढायची किळस येतीया मला," ती म्हणाली आणि उरलेलं पीठ डब्यात भरून ठेवलं.