शंभराची जागा

द्वारका गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत मुलांची खिचडीची पंगत बसली होती. फोन आमच्या गावाहून, साखऱ्याहून, द्वारकाच्या शेजाऱ्यांचा. "आक्का, तुमची भावजय गेली. तापाचं दुखणं अंगावर काढलं, दवाखान्यात नेईस्तोवर…" पुढचं मी ऐकलं नाही. अशा वेळी काही सुचत नाही म्हणतात. मला सुचलं. मनात पहिला विचार आला तो असा, की आता माणिक माझा एकटीचा. दीड महिना झाला, तो विचार पाठ सोडत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

माणिक माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि मी दहा वर्षांची. माझ्या कडेवर वाढलेलं लेकरू ते. भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून मीच त्याला भरवायची. त्याचं लग्न झालं आणि महिन्याच्या आत माझ्याच स्वयंपाकघरात बसून तो मला म्हणाला, "आक्का, द्वारका वरणात लसूण जरा जास्त घालती, तसं करून पाह्य." तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. द्वारका दिसायला बेताची, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. तिला नावं ठेवायला कुठं जागा सापडायची नाही, आणि तिचं हेच मला सगळ्यात जास्त खटकायचं.

मग एका वर्षी बांधावरून भांडण पेटलं, माणिकच्या हातची काठी नको तिथं बसली आणि समोरचा माणूस दगावला. माणिकला जन्मठेप झाली. तुरुंगात कैद्याला घरून मनिऑर्डर करता येते. त्या पैशांतून तो आतल्या कँटीनमधून साबण, बिस्किटं, फरसाण घेतो. पण महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच. तेवढी भरली की वरचे पैसे आल्या वाटेनं परत. हा नियम कळला आणि माझ्या हाती हत्यारच लागलं.

मी सेनगावात शिक्षिका, पगारदार. पगार झाला की त्याच दिवशी पूर्ण रक्कम पाठवून मोकळी व्हायची. द्वारका दुसऱ्याचं सोयाबीन खुरपून, हळद काढायला जाऊन शंभर रुपये बाजूला टाकणार आणि जीपनं सेनगावच्या पोस्टात येणार. त्यात पुन्हा नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. कारकून विचारायचा, कुणाला पाठवायचे? तर ही घडाघडा कैदी नंबर सांगायची! रांगेतले लोक हसायचे. एकदा मी मागंच उभी होते. मला हसू आलं नाही. तोच नंबर मला चिठ्ठी बघून लिहावा लागायचा.

लागोपाठ दोन महिने तिचे शंभर रुपये परत आले. तिसऱ्या महिन्यात ती माझ्या दारात उभी. मी पदर खोचून तयारच होते. पण ती आली, भिंतीला टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "आक्का, तुमी पाठवून राहिल्या ते बराबर हाय. फकस्त शंभराची जागा ठेवत जा माझ्यासाठी."

"नियम काय मी केलाय?" मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मी तिला चहा पाजला, साखर जरा सढळ हातानंच घातली. पुढच्या पगाराला मात्र जागा ठेवली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिनं पाठवणं सोडून दिलं.

त्यानंतर मी तुरुंगात भावाच्या मुलाखतीला गेले. काचेपलीकडून माणिकनं फोन कानाला लावला आणि पहिलंच वाक्य… "द्वारकाचे शंभर येऊन न्हाई राहिले. काहून? बिमार हाय का ती?" माझ्या पैशांविषयी अवाक्षर नाही. अशी मिरची झोंबली मला! खा म्हटलं तिचेच शंभर. त्या महिन्यापासून मी मनिऑर्डर बंद केली. गेलं वर्षभर एक रुपया पाठवला नाही. विचारणाऱ्याला सांगायची, द्वारकालाही तेच सांगितलं, मुलीचं लग्न आहे. लग्न होतं, पण कारण ते नव्हतं.

तेराव्यापुरती माणिकला रजा मिळाली. पाहुणे पांगल्यावर तो द्वारकाच्या चुलीपाशी बसला आणि मला म्हणाला, "आक्का, पोरीचं लगीन काढलं तरी तू एक महिना चुकवला न्हाई. तिचे शंभर आन् तुझे दोनशे, बराबर यायचे. मी द्वारकाला म्हणलं, आक्काला कशाला तकलीफ? तर म्हणे, असू द्या, त्यांचा जीव हाय तुमच्यावर."

मी चहा गाळून त्याच्या हातात दिला.

तो अंघोळीला गेल्यावर मी तिचा कागदपत्रांचा डबा उघडला. आत पोस्टाच्या पावत्या होत्या. निम्म्या पावत्यांवर पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव. स्वतःच्या नावानं शंभर आणि माझ्या नावानं दुप्पट, कारण मी थोरली. थोरलीचा मान तिनं तिथंही राखला होता… मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, आधी आला तो संताप. मरूनही ही बाई माझ्या एक पाऊल पुढंच! माझ्या भावावर, माझ्याच नावानं, माझ्याहून चांगली माया करून गेली. रडू त्याच्यानंतर आलं, आणि मग ते थांबेना.

माणिकला मी काही सांगितलं नाही. माझ्या पाया पडून तो परत गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याकडं असा भरल्या डोळ्यांनी बघत होता, आणि ते बघणं मला सोडवेना. पण जाताना बोलून गेला, की आत वाचायला रविवारचा पेपर येतो. हे लिहिलेलं त्याच पेपरला धाडते आहे.

या पगाराला वर्षभरानं पोस्टात गेले. कारकून पूर्वीसारखी पूर्ण रक्कम लिहायला लागला. मी म्हटलं, शंभर कमी लिहा. त्यानं वर पाहिलं. "काहून बाई, या टायमाला कमी?" त्यानं कैद्याचं नाव विचारलं, तर तोंडातून नंबर आला, चिठ्ठी न बघता.

माणिक, यापुढं दर महिन्याला पूर्ण रकमेत शंभर कमी येतील. मी बिमार नाही. ती जागा तिनं मागितली होती.