टोपलीतले कपकेक

केक भाजणं सोपं असतं. आचोळ्याच्या रस्त्यांवरून तो शाळेत धड पोहोचवणं, हे खरं काम. गेल्या वर्षी आनंदमेळ्यासाठी लेकीचे क्रीम लावलेले कपकेक मी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून स्कूटीवरून नेले आणि पोहोचेपर्यंत त्यांचा पार लगदा केला. मेळा संपेपर्यंत पोरगी रिकाम्या टेबलामागे बसून राहिली. वर्गातली मुलं हसली. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

यंदा त्याच पोरीनं पुन्हा नाव दिलं. "हौस फिटली नाही का अजून?" मी तिरसटासारखं विचारलं. "नाही," ती म्हणाली. क्रीमला फाटा देऊन तिनं एकटीनं चाळीस कपकेक भाजले.

सासूबाई गास गावाहून आल्या होत्या. त्यांचं आयुष्य मोगऱ्याच्या वाडीत गेलं. कळ्या बाजारात ताज्या पोहोचवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. माझ्या नव्या खोक्यांकडे त्यांनी असं काही पाहिलं की मी ती गुपचूप कपाटात ठेवली. मग त्यांनी आपली फुलांची टोपली भरायला घेतली: तळाला केळीचं पान, कडेनं गोल रचलेले कपकेक, फटींत चुरगळलेला कागद, प्रत्येक थरावर पुन्हा पान. "सैल ठेवलं तर नाचतात, दाबलं तर मरतात," त्या म्हणाल्या. मी बघतच राहिले. एवढ्या हुशार बाईशी मी इतकी वर्षं भाजीतल्या मिठावरून वाद घालत होते!

वर पातळ फडकं टाकून झालं, आणि त्यांनी तांब्यात बोटं बुडवून टोपलीवर सपासप पाणी शिंपडलं. फुलांवर शिंपडतात तसं.

"अहो आई, केक आहेत ते!" मी किंचाळलेच.

त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. "हाताची सवय गं," म्हणाल्या. चेहरा एवढासा झाला. "तुम्ही जा. मी नाही येत."

पोरीनं फडकं उचललं. वरच्या थरातले सात ओले झाले होते. ते काढून तिनं ताटात ठेवले, कोरडं फडकं घातलं आणि म्हणाली, "आजी, चप्पल घाल. टोपली तूच धरायची. आई खड्डे बघत नाही."

रिक्षात टोपली आजीच्या मांडीवर. खड्डा आला की त्या ती अधांतरी उचलायच्या आणि रिक्षावाल्याला दम भरायच्या. शाळेच्या गेटपाशी फडकं काढून बघितलं तेव्हा एकाचीही कड मोडली नव्हती.

टेबलापर्यंत जायचा मला मात्र धीर झाला नाही. मी गेटपाशीच थांबले. तासाभरानं डोकावले तर टेबलाभोवती हा घोळका! सासूबाई पोराटोरांच्या मागे रांगेत उभ्या होत्या. नातीकडून फुकट घेणार नाही म्हणे. त्यांचा नंबर लागला तेव्हा टोपलीत नुसती पानं उरली होती.

"संपले, आजी!" पोरगी म्हणाली, गेल्या वर्षी हसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.