अळीमिळी मिस्त्रीचं गुपचूप इंजिन

सगळे त्याला अळीमिळी मिस्त्री म्हणत. त्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन गुपचिळी धरून बसे. टॅपेटची टकटक नाही, कसली कुरकुर नाही. "गाडी चालू आहे का, हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागतं," असं तो येईल त्याला ऐकवी. बायको म्हणे, "माझ्यावर ही कला चालली नाही, म्हणून बिचारे इंजिनांच्या मागे लागलेत."

लेकीचं लग्न झालं आणि व्याह्यांची जुनी गाडी त्याच्याकडे आली. नव्या सोयरिकीत छाप पाडायची म्हणून त्यानं ती अशी काही गप्प केली, की व्याही खूश. पण थोडे दिवस जातात न जातात तोच गाडी थरथरायला आणि चढावर धापा टाकायला लागली.

आता व्याही गॅरेजात हात मागे बांधून उभे होते. शेजारी लेक.

"सूनबाई चालवायला लागली आणि गाडीचा दम गेला. मी नाही हो म्हणत, घरातले म्हणतात."

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार," बॉनेट उघडण्याआधीच मिस्त्री बोलून बसला. त्याला वाटलं, गाडीच्या वयावर ढकललं की मिटलं.

"त्या कशानं जातात?"

"झिजतात. तेल कमी पडलं, इंजिन तापलं, की लवकर."

"म्हणजे चालवणाऱ्याची चूक! ऐकलंत, सूनबाई? तसं निघालं तर आजपासून चाकाला हात लावायचा नाही."

लेकीनं मान खाली घातली. ती याच गॅरेजात पाने उचलत मोठी झालेली. कामावर ती याच गाडीनं जाई, आणि तेल बघितल्याशिवाय किल्ली फिरवत नसे. मिस्त्रीनं जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द काही पान्यानं परत काढता येत नाही.

"चिमे, बस आत. मार स्टार्टर."

प्लग काढून त्यानं एकेका सिलेंडरला दाब मोजायचं गेज लावलं. चारांपैकी तीन सिलेंडर हवा कशी घट्ट दाबत होते. तिसऱ्या नंबरावर मात्र काटा निम्म्यावरही पोचेना. कोंडलेली हवा कुठूनतरी निसटत होती. त्यानं प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलानं फट बुजते आणि काटा चढतो.

"मार."

काटा जागचा हलला नाही.

"चढला का, अप्पा?" आतून लेकीनं विचारलं. अर्थ तिलाही ठाऊक होता.

मिस्त्री बोलेना. काटा त्याच्या एकट्यासमोर होता. व्याह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. 'चढला' म्हटलं असतं तर चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. त्यानं वरचं झाकण उघडलं, फट मोजायच्या फिलरची सगळ्यात पातळ पट्टी तिसऱ्याच्या टॅपेटखाली सारली. शिरेना.

"काय हो, अळीमिळी? गुपचिळी का?" व्याही म्हणाले. "रिंगाच ना? सूनबाई, द्या किल्ली इकडे."

लेक खाली उतरली. बापाकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं किल्ली पुढे केली.

ते मुकाट्यानं देणं काही त्याला सोसलं नाही.

"थांब, चिमे. व्याहीबुवा, रिंगा नाहीत. मी आहे."

"म्हणजे?"

"टॅपेट व्हॉल्व्हची झडप दाबून उघडतो. त्याच्याखाली कागदाएवढी फट सोडावी लागते. तापला की व्हॉल्व्ह लांबतो. फट नसेल तर तो पुरता मिटत नाही, आणि तसाच जळत राहतो. फट सोडली की टकटक होते. मला टकटक नको होती. तुमच्यापुढे मिरवायचं होतं. मी आवळला."

व्याह्यांनी घसा खाकरला.

"हिला माहीत होतं?"

"काटा चढला का विचारलं आणि अप्पा बोलले नाहीत, तेव्हा कळलं," लेक म्हणाली.

"आणि तरी किल्ली दिलीत, सूनबाई?"

तिनं बोल्ट सोडवायला पाना उचलला.

इंजिनचं हेड उतरवलं, तर व्हॉल्व्हची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. नवा व्हॉल्व्ह लेकीनंच पेस्ट लावून तळहातांत त्याला चिकटवलेली काठी घुसळत घासून बसवला. वरून पेट्रोल ओतून बघितलं, थेंब गळला नाही. फटही तिनंच ठेवली. बापानं फक्त पाने दिले.

गाडी सुरू झाली. टक टक टक टक.

"हे वाजतंय काय?" व्याही दचकले.

"वाजू द्या. हे वाजतं म्हणून टिकतं," मिस्त्री म्हणाला.

"तुमच्या जिभेचा टॅपेट मात्र आवळून घ्या, व्याहीबुवा. बॉनेट उघडायच्या आधीच वाजतो," व्याही म्हणाले.

व्याह्यांनी इंजिन बंद करून किल्ली सुनेपुढे धरली. तिनं ती लगेच घेतली नाही. आधी तेलाची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा बुडवली आणि सासऱ्यांच्या नाकासमोर धरली.

"बघून ठेवा, बाबा. भरलेलं आहे."