वटवाघळाच्या सीटला टोचलेली सुई

प्रिय सायराबानू,

हे तुझ्याबद्दल लिहिलंय आणि तुलाच पाठवते आहे. चष्मा शोधत बसू नकोस, सनाला वाचायला सांग. आणि ती वाचत असताना "असं नव्हतं, तसं होतं" म्हणून तिला दर ओळीला थांबवू नकोस. त्या दिवसाची गोष्ट तू आतापर्यंत अकरा जणांना अकरा तऱ्हांनी सांगितली आहेस. मंद्रूपच्या बाजारात पोचेपर्यंत तर त्या पाळण्याची उंची दुप्पट झाली होती. तेव्हा ती एकदा कुणीतरी सरळ लिहून टाकलेली बरी. शेवटी एक कबुली आहे. ती आली की काय रागवायचं ते रागव. तोवर ऐक.

विजापूर वेशीतल्या एका बोळाच्या तोंडाशी सायराबानूचं सीट कव्हरचं दुकान आहे. बुलेट, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, ज्याला म्हणून बसायला जागा आहे ते सगळं तिच्या दारात येतं. नवरा नबीसाब हाडाचा कारागीर. लग्न होऊन मंद्रूपहून आली तेव्हा तिला बटण लावता येत होतं, एवढंच. फोम कापायला, रेक्झिन ताणायला आणि ते जाड शिवणीचं अवजड मशीन चालवायला त्यानं तिला शिकवलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली. मशीन राहिलं आणि ही राहिली.

तिचा एक नियम होता. सीट तयार झाली की आधी ती स्वतः बसणार. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ऊस तोडून पडलेला असो नाहीतर नवरदेव मांडवात खोळंबलेला असो. सायराबानू बसायची, डावी-उजवीकडं झुकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "कमरेपाशी टोचतंय. परवा या." लोक चडफडायचे आणि परवा यायचे. दुसरी सवय हाताची. बोलता बोलता कुठं उसवलेली शिवण दिसली की गळपट्टीत खोचलेली सुई काढून तिथं टोचून ठेवायची. म्हणजे बोलणं झाल्यावर जागा शोधावी लागत नाही.

अशी ही बासष्ट वर्षांची बाई हजारो सीटांवर बसली होती. पण त्यातली एकही तिच्याखाली कधी हलली नव्हती.

यंदाच्या रमजानात, सत्ताविसाव्या रोज्याला, मशीनवर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर आडवी झाली. डॉक्टरांनी नखशिखांत तपासलं. काही निघालं नाही. ऊन, रिकामं पोट आणि पत्र्याखालचं दुकान, एवढाच दोष. पण तिचा मुलगा शाकीर घाबरला तो घाबरलाच. शाकीरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट एकदा बंद पडली की ती पुन्हा पडणार, हा त्याचा धंद्यातला अनुभव.

"अम्मी, बस झालं आता. चक्कर येऊन हात सुईखाली गेला म्हणजे? सांगोल्याच्या एका माणसाशी बोललोय मी. सोमवारी टेम्पो घेऊन येतोय, मशीन नेईल."

"माझं मशीन विकणारा तू कोण?"

"तुझा मुलगा."

"मुलगा आहेस. मालक नाहीस."

दोन दिवस घरात भांडी जरा जोरातच आदळत होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ नव्यानं झालेल्या पार्कात जायचं आधीच ठरलं होतं. नात सना मोबाइलवर तिथल्या सगळ्यात मोठ्या पाळण्याचा व्हिडिओ दाखवत होती. त्याचं नाव वटवाघूळ. रूळ वर, माणसं खाली लटकलेली, पाय अधांतरी, आणि गाडी गिरक्या घेत कधी उलटी, कधी सुलटी.

"ह्यात चक्कर येते का गं?" सायराबानूनं विचारलं.

"दादी, कॉलेजच्या पोरांना येते!"

"मग झालं." ती शाकीरकडं वळली. "मी ह्यात बसते. उतरून माझ्या पायांनी चालत येते आणि एका फटक्यात सुईत दोरा ओवते. ओवला तर मशीन राहील. नाही ओवला तर सोमवारी मी स्वतः ते टेम्पोत चढवीन."

शाकीरला वाटलं, अम्मी त्याचा जिनासुद्धा चढणार नाही. तो कबूल झाला. वर अट घातली, "दाभण चालणार नाही. दाभणाच्या भोकातून बैल जाईल. बारीक सुई पाहिजे. आणि दोरा माझ्या खिशात राहील."

"ठेव की. दोऱ्याला काय मी शिकवून आणणार आहे?"

पार्कात वटवाघळाखाली उभं राहिल्यावर मात्र तिनं आधी मान वर करून पाहिलं. वरून माणसांचे तळवे सूं करून जात होते आणि किंकाळ्या मागाहून येत होत्या. पण तिच्या डोळ्यांसमोर सोमवारचा टेम्पो होता. ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि जिना चढायला लागली.

फलाटावर ऋतुराज नावाचा पोरगेला माणूस होता, फुगवट्याकाठच्याच गावचा. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज्जी, बोर्ड वाचला का? चक्कर येणाऱ्यांनी बसायचं न्हाय."

"सना, फाईल काढ."

सनानं खरोखरच पिशवीतून डॉक्टरची फाईल काढली. रक्त, हृदय, कान, सगळे कागद. ऋतुराजनं एक कागद उलटा धरून वाचल्यासारखा केला आणि हात जोडले. "बसा आज्जी. चप्पल काढा, चष्मा द्या नातीकडं, खिशात काय आसंल तर काढा."

खिशात काही नव्हतंच. सुई गळपट्टीत होती, आणि गळपट्टी कोण तपासतो?

शाकीर शेजारच्या सीटवर येऊन बसला. "तुला एकटीला कसं सोडू?" म्हणाला. आणि स्वतःच सीटची कड दोन्ही हातांनी धरली. ऋतुराज पुढच्या रांगेचे दांडे तपासत होता. तेवढ्यात सायराबानूनं सवयीप्रमाणे सीट जोखली. डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली. फोम बरा होता. रंग निळा, रेक्झिन चांगलं. पण डाव्या कडेला, मांडीपाशी, चार बोटं शिवण उसवलेली. हात आपोआप गळपट्टीकडं गेला, सुई निघाली आणि शिवणीत टोचली गेली. मग खांद्यावरून दांडा खाली आला, पायांखालची फळी सरकली आणि बोलायचं राहून गेलं.

गाडी कटकटकट करत चढली. वर पोचल्यावर तिनं खाली पाहिलं. पायांखाली काहीही नव्हतं. मग केळीच्या बागा, मग पाण्याकाठी ओळीनं बसवलेले मोटारपंप, मग लांबवर चमकणारं उजनीचं पाणी, आणि ह्या सगळ्यावर आपल्या पायांची दहा बोटं, मोकळी. "शाकीर, बघ रे किती..." एवढंच तिला म्हणता आलं. पुढचं वाक्य खालच्या वळणावर सांडलं. पाणी डोक्यावर गेलं, आभाळ पायांखाली आलं, पोट कुठंतरी मागं राहिलं आणि सायराबानू मोठ्यांदा हसायला लागली. लग्नातसुद्धा ती एवढी हसली नव्हती. शाकीर शेजारी डोळे मिटून अल्लाचं नाव घेत होता.

गाडी थांबली. सायराबानू उतरली, दोन पावलं डगमगली, तिसरं सरळ पडलं. सनाकडून चष्मा घेतला, चपला घातल्या, उताराच्या जिन्यानं खाली आली. शाकीर तिच्या मागून आला तो कठड्याला धरून खालीच बसला.

"काढ दोरा," ती म्हणाली आणि गळपट्टीला हात लावला.

सुई नव्हती.

दुसरी कुणी असती तर पैज हरल्याचं दुःख करत बसली असती. हिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या सीटमध्ये सुई राहिली होती! आणि तिथं आता कोणीतरी बसणार होतं.

"थांबवा! गाडी थांबवा! सुई राहिली!"

ओरडतच ती उलट्या जिन्यानं धावत सुटली. फक्त उतरायचा तो जिना. वरून येणारी माणसं भिंतीला चिकटली. वरच्या साखळीखालून ती वाकून गेली. तिच्याच सीटवर पांढऱ्या कपड्यांतले एक धिप्पाड केळीबागायतदार, रामहरी, टेकणार एवढ्यात तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बसू नका!"

"का वो? पैसं भरल्यात की!"

ऋतुराजनं हिरवं बटण सोडून लाल दाबलं. सगळ्या सीटा दिसायला सारख्या, पण सायराबानू कशाला नंबर बघते? उसवलेल्या शिवणीवर तिचं बोट नेमकं गेलं आणि सुई वर आली.

"आज्जी, सुई आणली व्हय तुमी?" ऋतुराज पांढरा पडला होता. "माझी नोकरी जाईल की!"

"चूक माझी आहे, बेटा. तुझ्या साहेबाला मी सांगते."

तोवर शाकीर चार पायांवर आल्यासारखा जिना चढून आला. तिनं त्याच्यापुढं हात पसरला. "दोरा." त्यानं खिशातून काढून दिला. तिनं टोक ओलं केलं, सुई उजेडात धरली. दोरा एका फटक्यात आरपार गेला.

"बघ," ती म्हणाली.

शाकीरनं डोळे बारीक केले. "अम्मी, ह्या दोन सुया आहेत का एक?"

सना हसून हसून खाली बसली. रामहरी म्हणाले, "आता बसू का मी? का अजून काय शिवायचंय?"

शिवायचं होतंच. ओवलेली सुई हातात आणि उसवलेली शिवण समोर, ती वाकली देखील. ऋतुराजनं हात जोडले. "नको आज्जी. सीटंला हात लावायचा कंपनीच्या माणसानं. तो आला की मी सांगतो त्याला."

"तो पांढऱ्या दोऱ्यानं शिवेल आणि सगळी शोभा घालवील. बरोबर निळा दोरा मी पाठवते."

परतताना शाकीरनं मोहोळ यायच्या आत सांगोल्याला फोन लावला. "मशीन द्यायचं नाही. नाही, बिघडलेलं नाही. चांगलं चालतंय." मागच्या सीटवर सायराबानू झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती.

आणि सोमवारी सकाळी, टेम्पो यायच्या वेळेला, तू माझ्या दारात उभी होतीस, सायरा. हातात निळ्या दोऱ्याचं रीळ. "बाई, तुम्ही दर महिन्याला लेकीकडं पुण्याला जाता. रस्त्यातच आहे की. त्या पोराच्या हातात एवढं द्या." मी हो म्हटलं. त्यानंतर चार वेळा गेले. एकदा एसटीत झोप लागली, एकदा उन्हात उतरायचा कंटाळा आला, दोनदा सरळ विसरले. तू दर वेळी विचारतेस, "दिलं का?" आणि मी दर वेळी "दिलं" म्हणते.

रीळ अजून माझ्या पर्सच्या खालच्या कप्प्यात आहे.