तालमीवरची पन्हळ

जैनबचाची कामावरून परतताना कधी रिकाम्या हातानं आली, असं आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीनं पाहिलं नाही. बांधकामावरचा राडारोडा उचलायचं तिचं काम. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नव्या इमारतींत लोखंडी नळांऐवजी प्लास्टिकचे पाइप यायला लागले होते. उरलेले तुकडे कंत्राटदाराची माणसं सरळ पेटवायची आणि त्यावर चहाचं पाणी ठेवायची. चाची ते आधीच काखोटीला मारून चालायला लागायची.

"चाची, टाका की ते," असं कुणी म्हटलं की ती थांबायची. "टाकायचं म्हंजे कुठं? गाव सांग, तिथं न्हेऊन टाकू." मी गल्लीतला नंबर एकचा तोंडाळ, पण तिच्यापुढं माझीही बोबडी वळायची.

तिच्या दारातल्या ढिगाकडं बघून शेजारणी नाकं मुरडायच्या, आणि त्याच बायका मोरीचं पाणी तुंबलं की तुकडा मागायला जायच्या. चाची द्यायची, पण ऐकवून द्यायची. "मोडलंय का? न्हाय. मग कचरा कसा?"

मी तेव्हा तालमीत जायचो. त्या वर्षी तिथल्या कुस्तीच्या हौदात नवी तांबडी माती पडली होती. घराघरांतून ताक, लिंबं, हळद, तेल आलं होतं. आम्ही ती कालवून कालवून लोण्यासारखी केली होती. आणि ऐन आषाढात दोन छपरांमधली पत्र्याची पन्हळ गंजून फुटली, तीही नेमकी हौदावर. एक चांगली सर आत आली असती तर सगळ्या पेठेची मेहनत चिखलात गेली असती. आमच्या वस्तादांचं जेवणावरचं मनच उडालं.

चाचीच्या कानावर गेलं तशी ती आली. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, ही जुनी रीत. ती उंबऱ्याबाहेरूनच ओरडली, "वस्ताद, माझं पाइप न्ह्या. उभं चिरा, टोक शेगडीवर मऊ करा आणि दुसऱ्यावर चार बोटं चढवा. झाली पन्हळ."

ढीगच्या ढीग आम्ही उचलून आणला. करवतीनं चिरण्यापर्यंत सगळं झकास. पुढं आमची पहिलवानकी नडली. चार बोटं चढवायचा जोड आम्ही अंगातली रग लावून हातभर चढवला, आणि प्रत्येक जोडाला तेच. जोड थंड झाले ते सुटेनात. पन्हळ वर बांधली तर चांगली दोन हात आखूड. म्हणजे छपराचं सगळं पाणी गोळा होऊन हौदाच्या कडेवर धारेनं पडणार. ढीग संपला होता आणि बाहेर आभाळ गच्च भरलं होतं.

"पाइपासंगं कुस्ती धरा म्हणून सांगितलं व्हतं व्हय रं?" एवढं बोलून चाची तरातरा निघून गेली. आम्हाला वाटलं, बिनसलं. पण ती परतली ती स्वतःच्या स्वयंपाकघरावरची पन्हळ उतरवून घेऊन. तीही तसल्याच तुकड्यांची.

वस्ताद म्हणाले, "नको चाची. तुमची चूल भिजंल."

"चूल उद्या वाळंल. ही माती गेली तर पुन्ना व्हायची न्हाय. धरा."

शेवटचा जोड बसला आणि पाऊस कोसळला. आम्ही सगळे हौदाभोवती माना वर करून उभे. पाणी पन्हळीत आलं, जोडाजोडावरून खळाळत गेलं आणि भिंतीपलीकडच्या गटारात पडलं. हौदात थेंब नाही. वस्ताद हौदाच्या कडेवर बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले.

मग त्यांनी हौदातली मूठभर माती घेतली आणि दाराशी गेले. चाची पदर डोक्यावर घेऊन पावसातच उभी होती. कुस्तीला उतरणाऱ्या पहिलवानाच्या हातात वस्ताद माती देत, तशी ती त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

चाचीनं ती चिमटीत चोळून पाहिली. "कोरडी हाय की," ती म्हणाली. आणि माती भिजू नये म्हणून वर दुसरा तळवा झाकून, स्वतः चिंब भिजत घरी गेली.