एनए म्हणजे रिकामं नव्हे

परवा खणात ‘अपूर्ण’चा जुना शिक्का सापडला आणि डोकं पुन्हा तापलं. तेव्हा वागळे इस्टेटमधल्या आमच्या भूसंपादनाच्या ऑफिसात कल्याणकडचे एक आजोबा तिसऱ्यांदा आलेले. जमीन रस्त्यात गेलेली, पण मोबदल्याच्या सुनावणीच्या यादीत नाव नाही, अर्जावर हाच शिक्का. “जमिनीचा प्रकार लिहिलाच नाही तुम्ही,” साहेब खेकसले. “एनए लिवलंय की!” आजोबा म्हणाले. मी मूळ एक्सेल उघडली. एनए, म्हणजे बिगरशेती, स्वच्छ टाइप केलेलं. आमच्या प्रोग्रामने ते इंग्रजी ‘नॉट अव्हेलेबल’, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’, समजून रकाना कोरा केलेला आणि नाव गाळलेलं. तो रकाना साधा मजकूर म्हणून वाचायला लावला, तर गाळलेली सगळी नावं परत आली. “आता यादी वर गेली,” साहेब म्हणाले. मी भांडून नवी पाठवायला लावली. आजोबांची माफी मात्र कुणीच मागितली नाही. मीही नाही, आणि आज सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.